एकशे सत्त्याऐंशी गाठी

नववीच्या इतिहासात तो धडा दीड पानाचा होता. अर्धं पान माया लोकांना, अर्धं ॲझटेकांना, उरलेलं इंकांना. शेवटी एक काळपट चित्र होतं. त्यातला डोंगर कुठला आणि देऊळ कुठलं, हे ते छापणाऱ्यालाही सांगता आलं नसतं.

मुख्याध्यापक भगवंतरावांनी जूनमध्येच त्या धड्यावर पेन्सिलीची फुली मारून ठेवली होती.

“पद्मजाबाई, हे सोडून द्या. परीक्षेला येत नाही. अन् मोताळ्याच्या पोरांना माया काय आणि इंका काय, सारखेच.”

“सर, दोन तासांत संपवते.”

“दोनच बरं का.”

“दोनच,” असं पद्मजा म्हणाली, आणि तिने त्याला पंधरा दिवस लावले.

त्रेसष्ट सालचा श्रावण होता. महाराष्ट्र होऊन तीन वर्षं झाली होती आणि पद्मजाला मोताळ्याला येऊन दोन. राजूरचा घाट उतरून येणाऱ्या मोटारीतून ती एक ट्रंक, एक वळकटी आणि वडिलांचं एक जाड पुस्तक घेऊन उतरली होती. वडील, नीळकंठराव, बुलडाण्याच्या कचेरीत कारकून होते. कुठल्याशा साहेबाच्या सामानाच्या लिलावात त्यांना ते पुस्तक मिळालं होतं. इंग्रजी फारसं कळायचं नाही, पण चित्रं होती. ढगांत बांधलेलं इंकांचं गाव होतं, तळ्यात वसलेलं ॲझटेकांचं शहर होतं, पायऱ्यापायऱ्यांची मायांची देवळं होती. रविवारी दुपारी बापलेक ते उघडून बसत. नीळकंठराव नकाशावर बोट ठेवून सांगत, “हे बघ, बुलडाण्याहून मोटारीने मलकापूर. मलकापूरला रेल्वे. मुंबईला बोट. मग नुसतं पाणी, पाणी, पाणी. आणि मग हे.” आई आतून म्हणायची, “आधी नांदुऱ्याला माझ्या बहिणीकडे तरी न्या.” नीळकंठराव नांदुऱ्यालाही गेले नाहीत. ते गेले तेव्हा पद्मजा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. पुस्तक तेवढं राहिलं, आणि त्या पाण्यावरून फिरणारं बोट.

म्हणून तो धडा तिला सोडवेना.

पहिल्या दिवशी तिने बाजारातून एक टोपली भरून आणली आणि टेबलावर ओतली. मक्याची कणसं, हिरव्या मिरच्या, भेदरं म्हणजे टोमॅटो, बटाटे, रताळी, भुईमुगाचे दाणे, दोन जांब म्हणजे पेरू आणि पुडीत राजगिरा.

“यातलं एकही आपलं नाही,” ती म्हणाली. “हे सगळं त्या लोकांनी पिकवलं आणि समुद्रावरून आपल्याकडे आलं.”

वर्गात एकदम गलका झाला. पोरं बहुतेक मळेवाल्यांची होती. मक्याचं ठीक आहे, पण मिरची?

“बाई, मिरची तं आमच्या आज्याच्या आज्यापासून हाये,” मार्तंड उभा राहून म्हणाला. वर्गात सगळ्यात उंच आणि सगळ्यात बोलका तोच.

“त्यांच्याही आजोबांच्या आजोबांनी पाहिली नसेल.”

“मंग ते कालवनात काय टाकत?”

“मिरं. पिंपळी.”

“म्हणूनच मेले असतीन,” मार्तंड म्हणाला, आणि वर्ग बाकांवर आडवा झाला.

संध्याकाळी घरमालकीण शालूबाई ओसरीत वाट अडवून उभी राहिली. सोमवार होता, तिला उपास होता.

“काय व बाई, उपासाचे दाणे परमुलखातले हायेत म्हणून सांगतलं तुमीनं पोराइले? बटाटाही? रताळंही? मंग आमी इतके दिवस बाटून राह्यलो का काय?”

पद्मजाने तिला सांगितलं, की तिकडचे ॲझटेक लोक राजगिऱ्याचं पीठ मधात मळून त्याची देवाची मूर्ती करत, तिची पूजा करत आणि मग तिचाच प्रसाद वाटून खात. शालूबाईने थोडा विचार केला.

“राजगिऱ्याचा देव?”

“हो.”

“मंग चालते,” ती म्हणाली आणि वाट सोडली.

असे दिवस गेले. तळ्यातल्या शहराच्या दिवशी पोरांनी नळगंगेच्या काठावर जाऊन चिखलाचे वाफे पाण्यात रचून पाहिले. ॲझटेक असेच वाफे करून त्यावर भाजी पिकवत, असं बाईंनी सांगितलं होतं. मायांच्या दिवशी शून्य आलं. त्या लोकांनी आपलं आपण शून्य शोधलं, ते शिंपल्यासारखं काढत, हे ऐकून हुशार पोरं जराशी हिरमुसली. त्यांना वाटत होतं शून्य फक्त आपलं. भगवंतराव दारावरून जाताना थांबायचे, आत बघायचे, मान हलवायचे आणि पुढे जायचे.

मग इंका आले.

“या लोकांचं राज्य आपल्या देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाईल एवढं लांब होतं,” पद्मजा म्हणाली. “डोंगरातून बांधलेले रस्ते होते. पण त्यांना लिपी नव्हती.”

“काहीच लिहीत नव्हते?” पुढच्या बाकावरून शकुंतलेने विचारलं. ही पुंजाजी माळ्याची मुलगी. कमी बोलायची, पण विचारायची ते नेमकं विचारायची.

“लिहीत नव्हते. गाठी मारत. एका दोराला बारीक दोर बांधायचे आणि त्यांवर गाठी. गाठींच्या जागेवरून एकं, दहं, शतकं. त्याला किपू म्हणत. हे किपू अजून आहेत, काचेच्या पेटीत ठेवलेले. आकडे लोकांना वाचता येतात. पण म्हणतात, त्यांत नुसते आकडे नव्हते, हकिकती होत्या. त्या वाचणारी माणसं मेली. आता कुणालाच येत नाहीत.”

वर्ग गप्प झाला. असं गप्प होणं पद्मजाला फार आवडायचं. ती गप्प जागा वडिलांच्या पुस्तकासारखी उघडायची.

“उद्या येताना एक करा. घरात ज्यांना लिहिता येत नाही, त्यांना विचारा, ते ध्यानात कसं ठेवतात. जे काही असेल ते घेऊन या.”

दुसऱ्या दिवशी टेबल भरून गेलं. कुणी आजीच्या डबीतले चिंचोके आणले, कुणी मेंढक्याची खाचा पाडलेली काठी. एकाने सांगितलं, आमची आजी कोळशाने भिंतीवर रेघा मारते, पण भिंत आणता आली नाही. सगळ्यात शेवटी शकुंतला आली. तिने पिशवीतून एक वेटोळं काढलं.

अंबाडीचा बारीक दोर होता, दोन-तीन पुरुष लांब, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत गाठीच गाठी. काही जुन्या, काळ्या पडलेल्या, काही ताज्या, पिवळसर.

“हे कुणाचं, शकुंतला?”

“आईचं. बाजारातून आली का हात धुते अन् खुंटीवरचा दोर काढून एक गाठ मारते. काऊन ते सांगत नाही.”

“विचारून आणलंस ना?”

शकुंतलेने मान हलवली. ती हो होती की नाही, हे पद्मजाने नीट पाहिलं नाही. तिचे डोळे त्या दोरावर होते. पुस्तकात पाहिलेली गोष्ट समुद्र ओलांडून मोताळ्याच्या शाळेत तिच्या टेबलावर येऊन पडली होती.

“हा आपल्या गावचा किपू,” ती म्हणाली. शकुंतलेचे कान लाल झाले. आजवर तिच्या घरातल्या कुठल्या वस्तूला कुणी असं नाव दिलं नव्हतं.

सगळ्यांनी मिळून गाठी मोजल्या. दोनदा मोजल्या. पद्मजाने फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं : १८७.

“आता इंकांनी हा आकडा कसा मारला असता? एक गाठ शतकाची, आठ दशकांच्या, सात एककांच्या. म्हणजे सोळा गाठींत काम झालं! करून बघायचं?”

दुसरा दोर कुणाकडे नव्हता.

“याच दोरावर करू,” पद्मजा म्हणाली. “गाठी सोडा.”

“बाई, आई रागावंल,” शकुंतला हळूच म्हणाली.

“का रागावेल? आकडा फळ्यावर आहे. आकडा लिहून ठेवला की गाठी सोडल्या तरी काही हरवत नाही.”

पुढे तीस वर्षं पद्मजाला हे वाक्य आपल्याच आवाजात ऐकू यायचं.

चित्रकलेचा तासही तिने मागून घेतला. दोर बाकांवरून लांबवर पसरला आणि तीस जणांची बोटं त्याला लागली. शकुंतलेच्या आईचा, सोजराबाईचा, हात हलका होता, गाठी फार आवळलेल्या नव्हत्या, तरी जुन्या गाठी हट्टी निघाल्या. कुणी कर्कटकाचं टोक घातलं, कुणी नखं. अगदी पहिली गाठ काही केल्या सुटेना, ती मार्तंडने दातांनी सोडली. मधल्या एका गाठीतून लाल दोऱ्याचा तुकडा खाली पडला. शकुंतलेने तो उचलला आणि कंपासपेटीत टाकला. मग सोळा गाठी मारल्या गेल्या, घट्ट, शिस्तीत, तीन गटांत. टाळ्या झाल्या. शकुंतला दोर घेऊन घरी गेली.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली नाही. तिची आई आली.

मधली सुट्टी होती. सोजराबाई शाळेच्या ओसरीच्या पायरीशी उभी होती. डोक्यावर पदर, हातात वेटोळं. चाळिशीची बाई असेल, पण उन्हाने वय पुढे ढकललेलं.

“तुमीच का त्या बाई?”

“हो. या ना, बसा.”

ती बसली नाही. “हा दोर तुमीनं सोडला?”

“मुलांनी... नाही, मीच सोडायला सांगितला. पण एकही गाठ वाया नाही गेली, सोजराबाई. हे बघा, हे शंभर. हे ऐंशी. हे सात. मी वहीतही लिहून ठेवलंय, एकशे सत्त्याऐंशी.”

“आकडा मले काय करायचा व बाई? बाजार किती झाले ते तं बाजारातल्या कुत्र्यालेही मालूम हाये.”

ती भांडत नव्हती. भांडली असती तर बरं झालं असतं. ती पायरीवर टेकली आणि दोर मांडीवर ठेवून सांगू लागली. आवाज इतका सपाट होता, की शेजारी आट्यापाट्या खेळणाऱ्या पोरांना काही कळलं नाही.

तिचा थोरला मुलगा रंगा. साडेतीन वर्षांपूर्वी, संक्रांतीच्या सुमारास, त्याला कांद्याच्या रोपाला पाणी द्यायला सांगितलं होतं आणि तो मलकापूरला सिनेमा बघत बसला. रोप करपलं. पुंजाजीने भर बाजारात, चार लोकांत, त्याच्यावर हात टाकला आणि परत मळ्यात पाय ठेवू नको म्हणाला. रंगा एकोणीस वर्षांचा होता. त्याने पाय ठेवला नाही.

“जातांनी मले बाजारात भाजीच्या पालापाशी भेटला. म्हणे, आई, मी नसलो तं काय काय होते ते ध्यानात ठेव. आलो का सांगजो. हासतच म्हणला. मले वाटलं, आठ दिसात येते.” तिने दोरावरून हात फिरवला. “मले लिहिता येत नाही. म्हणून दर बाजारी एक गाठ. एका गाठीत एकच सांगणं. जास्तीचं ठेवलं तं इसरन. गाय याली. वांग्यावर कीड पडली. शकू पास झाली. असं. तो आला म्हणजे पहिल्या गाठीपासून धरीन अन् सांगत जाईन.”

“शकुंतलेला सांगितलं असतंत तर तिने...”

“घरात त्याचं नाव निघत नाही. तिच्या बापानं बंद केलं.”

पद्मजाने त्या सोळा गाठींकडे पाहिलं. “पण तुम्हाला आठवेल ना? सगळं?”

“हात लावला का आठवते. नुसतं तोंडानं कसं येईल?” सोजराबाईने मान वर करून पाहिलं. “तुमाले पुस्तक मिटून वाचता येते काय?”

ती उठली, दोर पदराखाली घेतला आणि गेली. पद्मजा तिथेच उभी राहिली. परवाच तिने वर्गात सांगितलं होतं : दोर उरले, वाचणारी माणसं गेली. इथे वाचणारी पायरीवर येऊन बसली होती, आणि दोर तिने स्वतः कोरा करून दिला होता.

भगवंतरावांच्या कानावर गेलंच. ते एवढंच म्हणाले, “तरी मी म्हणत होतो, दोन तासांत संपवा.” मग थोडं थांबून, “जाऊन या बाई तिच्याकडे. शाळेतर्फे नको. तुमच्यातर्फे जा.”

शकुंतला तीन दिवस शाळेत आली नाही. रविवारी सकाळी पद्मजा मळ्यात गेली.

नळगंगेच्या काठाने वाट होती. मोट चालू होती. पुंजाजी बैलांमागे होता. उंच, वाळलेला माणूस. त्याने पाहिलं, न पाहिल्यासारखं केलं. सोजराबाई पाटाच्या कडेला बसली होती. इंकांच्या सोळा गाठी तिने सोडून टाकल्या होत्या आणि मोकळा दोर मांडीवर घेतला होता. शकुंतला बांधावर गुडघ्यांत तोंड घालून बसली होती.

“मी क्षमा मागायला आले,” पद्मजा म्हणाली.

“क्षमा काय करू बाई. पोरगी चार दिसापासून जेवत नाही नीट, तिले समजावा.” सोजराबाईने दोर गोळा केला. “पाण्यात घालतो अन् सरळ करतो. पुन्हा एकपासून धरीन. काय करता.”

तिने वेटोळं पाटाच्या पाण्याजवळ नेलं. इतक्यात मोटेचा आवाज थांबला.

“थांब.”

पुंजाजी बैल तसेच सोडून आला. “पाण्यात नोको घालू.”

“काऊन?”

तो उकिडवा बसला, दोराचं टोक हातात घेतलं आणि डोळे मिटले. अंगठा आणि बोट यांमधून दोर इंच इंच पुढे सरकवू लागला. जन्मभर अंबाडी वळलेली ती बोटं होती. मध्येच थांबली.

“हे एक.”

“काय एक?”

“इथं गाठ होती. हात लाव.”

सोजराबाईने बोट ठेवलं. पद्मजानेही वाकून पाहिलं. सरळ दिसणाऱ्या दोरात तिथे एक बारीक वाक होता, झोपेतून उठलेल्या माणसाच्या गालावर उशीचा वळ असावा तसा.

“अंबाडी वाकली का वाक धरून ठेवते,” पुंजाजी म्हणाला. “सालोसाल धरते. पाणी लागलं तं मंग गेलं.”

“तुमाले काय मालूम कशाचा दोर हाये तो?” सोजराबाईचा आवाज पहिल्यांदा चढला. “तुमाले काय करायचं त्याचं?”

“मले काय करायचं?” त्याने डोळे उघडले नाहीत. “दर संक्रांतीले दोर सरत येते अन् दोन हात नवा पेड जोडलेला असते. तो कोन जोडते? तुले वाटलं उंदीर जोडतेत?”

मोटेचं पाणी पाटातून हळूहळू आटत गेलं. सोजराबाई नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिली. साडेतीन वर्षांत पहिल्यांदाच बघत असावी तशी.

“पहिलीपासून धर,” तो म्हणाला.

मग ते सुरू झालं. तो वाक शोधायचा, दोर तिच्यापुढे धरायचा. ती तिथे बोट ठेवायची, क्षणभर थांबायची, आणि गाठ मारता मारता सांगायची.

“ही तो गेला त्या बाजाराची. तुमी त्या दिवशी जेवले नाही.”

पुंजाजीने पुढचा वाक धरला.

“काळ्या गाईनं गोऱ्हा दिला. कपाळावर पांढरा टिकला.”

“ही महाराष्ट्र झाला तवाची. पोरं झेंडे घेऊन बाजारातून गेले. तो असता तं पुढं असता.”

“वडनेरची माझी मावशी वारली.”

“कुंपणाच्या जांबाले पहिला बहर. त्यानंच लावला होता.”

पद्मजाच्या पिशवीत वही होती. तिने ती काढली, पेन उघडलं. सोजराबाईने तिच्या हातावर हात ठेवला.

“लिहू नका बाई.”

“पुन्हा कधी असं झालं तर...”

“वहीतूनच वाचून घेतलं त्यानं, तं मी त्याले काय सांगू?”

पद्मजाने वही मिटली. कुठल्याही ट्रेनिंग कॉलेजात तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. ती नुसती बसून ऐकू लागली.

एका जागी पुंजाजीची बोटं अडली. वाक होता, पण जाड, वेगळा. सोजराबाईनेही दोनदा चाचपला. “यात काहीतरी घातलेलं होतं,” ती म्हणाली. “गाठ रिकामी नव्हती.”

बांधावरून शकुंतला उठली, घरात गेली आणि कंपासपेटी घेऊन आली. लाल दोऱ्याचा तुकडा तिने आईच्या तळहातावर ठेवला.

“आई, तवा हा पडला होता.”

“हाव, हाच.” सोजराबाईने तो उन्हात धरला. “तुवीच राखी हाये ही. तो गेला त्या साली तू बाजारातून आणली अन् मंग बांधाले कोनी नाही म्हणून चुलीत टाकाले निघाली. त्यातला एक धागा मी काढून ठेवला. तू म्हणली होती, आला तरी बांधणार नाही. हे सांगायचं होतं त्याले.”

“मी असं म्हणली?”

“रडत रडत म्हणली.”

शकुंतला आईच्या पाठीला चिकटून बसली. धागा आत घालून गाठ पुन्हा मारली गेली.

ऊन डोक्यावर आलं. शकुंतलेने भाकरी आणि ठेचा आणला. चौघांनी तिथेच खाल्लं आणि पुन्हा सुरुवात केली. शेवटी शेवटी दोराने साथ सोडली. जिथे मुलांनी इंकांच्या सोळा गाठी आवळून मारल्या होत्या, तिथे जुने वाक त्यांच्याखाली चिरडून गेले होते. पुंजाजीने तीनतीनदा बोटं फिरवली. पद्मजा मनात मोजत होती. तिला मोजल्याशिवाय राहवेना. एकशे शहात्तर गाठी परत आल्या होत्या. अकरा आल्या नाहीत.

“अकरा माझ्यामुळे गेल्या,” ती म्हणाली.

सोजराबाईने त्या मोकळ्या जागांवरून बोट नेलं. तिथे काय होतं ते तिला आठवत नव्हतं, हे दिसत होतं. पद्मजाला वाटलं, आता तरी ही रडेल.

“राहू द्या मोकळं,” ती म्हणाली. “सारं मीच सांगू काय? त्याच्याही कडचं काही असंल ना. तितक्या जागी तो सांगंल.”

दोर गुंडाळून तिने मांडीवर घेतला. बैल सावलीत जाऊन उभे राहिले होते. पुंजाजी उठला, पण गेला नाही.

“येत्या बाजाराच्या गाठीत काय ठेवतं?” त्याने विचारलं.

“काय म्हणजे? बुलडाण्याची एक बाई आली अन् तुझ्या मायच्या साऱ्या गाठी सोडून गेली, हेच.”

शकुंतला फिसकन हसली. पद्मजालाही हसू आलं आणि त्याबरोबर डोळे भरून आले.

“अन् बाप रडला ते नोको सांगू,” पुंजाजी म्हणाला. त्याने तोंड विहिरीकडे फिरवलं होतं.

“तेच तं सांगन,” सोजराबाई म्हणाली. “बाकीचं इसरलं तरी चालंल.”

दोन वर्षांनी पद्मजाची बदली मेहकरला झाली, पुढे चिखलीला. अभ्यासक्रमातून तो धडा मध्येच गेला, पुन्हा आला. असो नसो, ती दर श्रावणात तो शिकवायची. टोपली आणायची, राजगिऱ्याचा देव सांगायची, तळ्यातले वाफे सांगायची आणि शेवटी मोताळ्याचा दोर सांगायची. फक्त मुलांना घरून काही आणायला सांगत नसे. आणि दर वर्षी मागच्या बाकावरून कुणीतरी विचारायचंच, “बाई, मग तो आला का?”

“मला माहीत नाही,” ती सांगायची, आणि ते खरं होतं. शकुंतला मॅट्रिक झाली, पुढे स्वतः शिक्षिका झाली. तिचं दिवाळीला पत्र यायचं. त्यात मळा असायचा, आईबाबांची तब्येत असायची, रोहिणखेडच्या शाळेतली तिची पोरं असायची. रंगाचं नाव नसायचं. पद्मजाने कधी विचारलं नाही. मलकापूरहून समुद्रापर्यंतचा रस्ता जसा तिने कधी धरला नाही, तसंच हेही. वडिलांचं पुस्तक अजून आहे तिच्याकडे, पानं सुटी झालेली.

आता ती बुलडाण्यात राहते. वाचायला बसलं की डोळे दुखतात, तेव्हा पुस्तक नुसतं मांडीवर असतं. मोताळ्याच्या बाजाराचा दिवस मात्र ती चुकत नाही. चारच्या सुमाराला तिचं मन घाट उतरून जातं. सोजराबाई बाजारातून आलेली असते. रिकामी टोपली ओसरीत ठेवते, रांजणावर हात धुते, पदराला पुसते. मग एकदा वाटेकडे बघते, आणि खुंटीकडे हात नेते.